गवंड्याची भिंत

गवंडी मजल्यावर आला की लोकांच्या बोटांचा वेग वाढायचा. कीबोर्ड खडखडायचे, फोनवरचे आवाज एक पट्टी खाली यायचे, आणि ज्याच्या टेबलापाशी न थांबता तो पुढे जाई, तो मान न वळवता श्वास सोडायचा. त्याचं काम विटामातीचं नव्हतं. तोही वकीलच, पण कोर्टाचं तोंड पाहून त्याला वर्षं लोटली होती. वकिलांच्या या पेढीच्या आत भिंती बांधायच्या आणि त्या कुठे पाझरत नाहीत ना, हे बघत फिरायचं, एवढंच आता तो करायचा.

त्या मंगळवारी तो कामगार विभागात आला आणि ताईच्या दाराशी थांबला.

"मॅडम, पाच मिनिटं आहेत का?"

ताई हे तिचं घरचं नाव. पेढीत ती मॅडम होती, विभागाची प्रमुख होती, आणि कामगारांचे खटले मालकांच्या बाजूने लढवण्यात तिचा हात धरणारं शहरात फारसं कुणी नव्हतं. संपाच्या वाटाघाटीत समोरून खुर्च्या आपटल्या तरी तिच्या पेनाचं टोपण हललं नव्हतं. पण गवंड्याने आत येऊन दार लावलं, तेव्हा तिने हातातलं पेन खाली ठेवलं.

"सारस बाहेर गेलाय," गवंडी म्हणाला.

हे भिंतीचं प्रकरण समजायला पेढीचं मागचं समजायला हवं. एकेकाळी ही पेढी रंगाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत होती. चार वकील, एक टायपिस्ट आणि जेवायला एकच टेबल. दुपारी डबे उघडले की मोठे साहेब विचारत, "आज कोण आलं?" नव्या अशिलाचं नाव टेबलावर पडे. ज्याच्याविरुद्ध लढायचं तो कुणाच्या ओळखीतला, जुन्या कामातला निघाला, तर ज्याचा तो असेल तो तोंडातला घास न संपवताच म्हणे, "आपलं माणूस आहे." विषय मिटला. आलेल्या अशिलाला दुसऱ्या वकिलाचा पत्ता दिला जाई. कारण विचारायची पद्धत नव्हती.

मग पेढी वाढली. अशिलांनाच हवं होतं म्हणून आधी करांचा एक वकील घेतला. जहाजांचे वकील घेतले तेव्हा कोर्टाच्या कँटीनमध्ये लोक हसले, की यांना पोहता तरी येतं का. पुढच्या वर्षी तेच लोक नोकरी मागायला आले. जमिनीच्या खरेदी-विक्रीची एक आख्खी पेढी शेजारून उचलली, शोधांच्या हक्कांवर काम करणारी दुसरी परगावाहून. रंगाचं दुकान कधीच मागे पडलं. आता काचेच्या उंच इमारतीत मजल्यावर मजला चढत होता, आणि नव्या विभागासाठी वरच्या मजल्यावर दिवसभर ड्रिल घरघरत असायचं.

अडचण एवढीच झाली, की सगळेच आपले झाले. कर्ज देणारी बँक आपली आणि कर्ज बुडवणारा कारखानाही आपला. विकणारा आपला, घेणाराही आपला. मग 'आपलं माणूस' म्हणून नाही म्हणायचं कुणाला? नाही कुणालाच म्हणायचं नाही, असं ठरलं. दोन्ही बाजूंची संमती घ्यायची, एका बाजूचे वकील एका मजल्यावर, दुसऱ्या बाजूचे दुसऱ्या, आणि मधे भिंत. आतल्यांची कार्डं पलीकडची दारं उघडत नसत. कामाचं नाव लिफ्टमध्येसुद्धा काढायचं नाही. प्रत्येक भिंतीला एकेका पक्ष्याचं नाव. भिंतीत घेताना गवंडी समोर बसवून शपथ देई, आणि शेवटी बोटाच्या सांध्यांनी टेबलावर दोनदा टकटक करी. बांधकाम पक्कं झालं की नाही ते बघावं, तसं.

ताईची स्वतःची छोटी वकिली होती, तीही अशीच या पेढीच्या पोटात गेली. कागदोपत्री त्याला विलीनीकरण म्हणतात. आईने विचारलं होतं, "म्हणजे मोठ्या माशाने गिळलंच ना गं तुला?" ताई म्हणाली होती, "गिळलंय, पण आई, आत जागा खूप आहे." तिच्याबरोबर तिचा सगळ्यांत जुना अशीलही आत आला. साबणाचा कारखानदार. आणि आता तो कारखाना विकायला निघाला होता. घेणारी कंपनीही याच पेढीची अशील, तिचे वकील चार मजले वर. या भिंतीचं नाव सारस.

"काल कारखान्याच्या गेटवर कामगार जमले होते," गवंडी म्हणाला. त्याचा आवाज नेहमीच मऊ असायचा; त्याचीच लोकांना जास्त भीती वाटे. "मालक विकून चालले का, असं विचारत होते. घेणारे म्हणतात, सह्या व्हायच्या आधीच गेटवर गर्दी होणार असेल तर आम्ही मागे फिरतो. आणि जाताना पेढीलाही सोडतो."

"कुणी सांगितलं कामगारांना?"

"तेच मी विचारत फिरतोय. तुम्ही बाहेर कुणाशी बोललात?"

"नाही."

"घरी?"

"घरी मी एकटीच असते."

"एकटी माणसंही बोलतात, मॅडम." तो हसला नाही. "शुक्रवारी मला वर एक नाव द्यायचंय. ज्याचं जाईल त्याची नोकरी तर जाईलच. पण पेढी स्वतःला वाचवायला त्याची तक्रारही करेल. म्हणजे वकिलीची सनदही गेली."

उठताना त्याने काचेच्या पार्टिशनवर दोनदा टकटक केलं आणि गेला.

खरं बोललं की हलकं वाटतं म्हणतात. ताईला वाटलं नाही. तिने गेल्या महिन्याभरातली प्रत्येक लिफ्ट आठवून पाहिली, प्रत्येक फोन, पार्किंगमधल्या सगळ्या गप्पा. कुठेही एक शब्द सुटलेला सापडेना. एकवीस वर्षांची वकिली होती. सनद म्हणजे तिच्या लेखी भिंतीवरचा कागद नव्हता. ती गेली तर उद्या सकाळी उठून नेमकं कोण व्हायचं, हे तिला ठाऊक नव्हतं. संध्याकाळपर्यंत तिला स्वतःवरच संशय यायला लागला. आपण झोपेत बोलतो का? पण ऐकायला तरी कोण असतं?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर भोंग्याभोवतीच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

भोंगा हा करांच्या विभागातला. माणूस गुणी, पण तोंडाला झाकण नाही. लिफ्टमध्ये शिरला की तळमजला येईपर्यंत मुलींच्या परीक्षा, बायकोची कंबर, शेजाऱ्याचा कुत्रा सगळं सांगून व्हायचं. सारसच्या भिंतीत तोही होता. कुणी काही म्हणालं नव्हतं. लोक फक्त ताट उचलून पलीकडे बसायला लागले होते. पण परवापर्यंत जो माणूस सबंध टेबल डोक्यावर घ्यायचा, तो आज कागदी रुमालाच्या घड्या घालत होता.

ताई त्याच्यासमोर जाऊन बसली.

"बसू नका मॅडम, विटाळ होईल," तो म्हणाला. विनोद करायचा प्रयत्न होता. मग हळूच, "मी फार बोलतो, कबूल. पण मॅडम, माणूस घरचं एवढं का बोलतो? कामाचं तोंडातून जाऊ नये म्हणूनच ना? तोंड भरलेलं ठेवायचं. हे त्या गवंड्याला कोण समजावणार?"

"तुम्ही नाही सांगितलंत ना कुणाला?"

"नाही. पण नाव द्यायचंच असेल तर माझं किती सोपं आहे बघा. सगळ्यांना पटेल. बायकोलासुद्धा पटेल."

ताई जेवली नाही. टेबलावरून उठतेय तोच आईचा फोन आला.

"अगं, धाकट्याचं काय चाललंय? नवं मशीन घेणार होता, ते नको म्हणून कळवलंय त्याने. तुला काही बोलला का?"

धाकटा म्हणजे ताईचा भाऊ. शहराच्या कडेला त्याची पत्र्याची शेड होती, तिथे पुठ्ठ्याचे खोके बनत. आणि त्यातले बहुतेक खोके साबणाच्या कारखान्यात जात.

"नाही. विचारते," ती म्हणाली.

दुपारी ती कोर्टात जाते असं सांगून निघाली आणि टॅक्सी शेडकडे वळवली. शेडमध्ये ओल्या पुठ्ठ्याचा आणि खळीचा वास होता. एरवी बोललेलं ऐकू येत नसे. आज चारांपैकी एकच यंत्र चालू होतं. धाकटा चष्मा कपाळावर चढवून रिकाम्या खोक्यावर बसला होता.

"ताई? तू इकडे? कोर्ट बंद पडलं का?"

"मशीन का नको म्हणालास?"

त्याने चालू यंत्राकडे बघितलं, मग हात करून तेही बंद करायला लावलं. कारागीर चहाला बाहेर गेला.

"तुला माहितीये ना का ते," तो म्हणाला.

"मला काय माहिती? तुला कुणी काय सांगितलं?"

"तूच सांगितलंस."

"मी?" ताईचा आवाज चढला. "मी तुला एक अक्षर बोलले नाही. शपथ आहे मला."

"तेच ना," धाकटा म्हणाला. "बोलली नाहीस."

ताईला बसायला काही सापडेना. त्यानेच खोका पुढे सरकवला.

"दर रविवारी आईकडे जेवायला बसलो की आई काय विचारते? 'काय म्हणतात तुझे साबणशेठ?' मग तू सुरू होतेस. शेठ मीटिंगमध्ये साबण हुंगतो, शेठ कामगारांना बोनस देताना रडतो, शेठचा फोन नेमका भात कालवला की येतो. आई हसून हसून ठसकते. किती वर्षं चाललंय हे? आणि गेल्या महिन्यात आईने विचारलं, तर तू काय म्हणालीस?"

ताईला आठवलं. भिंतीत गेल्यानंतरचा तो पहिला रविवार. अशिलाचं नाव भिंतीबाहेर काढायचं नाही, असा नियम. नियम म्हणजे नियम. नाव तिने काढलंच नाही. फोनही बंद करून ठेवला होता. आईने विचारल्यावर ती म्हणाली होती, "आई, भात वाढ गं. धाकट्या, तू जेव आधी, गार होतंय."

"मला वाटलं विषय बदलला," ती म्हणाली.

"बाबा गेले तेव्हा दवाखान्यातून तूच फोन केलास मला. काय म्हणाली होतीस? 'जेवलास का?' मी म्हटलं हो, आत्ताच. तू म्हणालीस, 'बरं झालं. मग ये.'" धाकटा पुठ्ठ्याचा कोपरा नखाने सोलत होता. "तुझ्याकडे काहीतरी वाईट असलं, की तू मला जेवायला सांगतेस, ताई. लहानपणापासून. त्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरला नाही. मला वाटलं, कारखाना बंदच होतोय."

"मग तू कुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही. काय सांगणार? माझी बहीण मला जेव म्हणाली, हे?" तो क्षणभर हसला. "मशीन थांबवलं. पुठ्ठेवाल्याला म्हटलं, महिनाभर माल पाठवू नकोस. त्याने विचारलं का, मी म्हटलं, थांबू या जरा. एवढंच. त्याचा मेहुणा साबणाच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. खोकेवाला थांबला म्हणजे कारखाना बंद तरी होतोय नाही तर विकला जातोय, एवढं त्यालाही कळतं."

शेडच्या पत्र्यावर कसलीशी काटकी पडली आणि दोघंही दचकले. कुणीच काही बोललं नव्हतं. एक शब्दही इकडचा तिकडे गेला नव्हता, आणि गेटवर गर्दी जमली होती.

"ताई, तुला काही होणार नाही ना? मी चुकलो का?"

तिच्या तोंडात आलं, तू जेवलास का. ओठांपर्यंत आलेले ते शब्द तिने गिळले.

परतीच्या वाटेवर तिने स्वतःचाच खटला चालवून पाहिला. प्रश्न काय होता? बाहेर कुणाशी बोललात का. उत्तर, नाही. उत्तर खरं होतं आणि शेवटपर्यंत खरं राहिलं असतं. पुरावा नव्हता. पेढीने भरून घेतलेल्या माहितीत नातेवाईक म्हणजे नवरा, मुलं आणि एका छताखाली राहणारी माणसं. लग्न न केलेल्या बाईचा वेगळा राहणारा भाऊ त्यात कुठेच बसत नव्हता. तिने गप्प बसायचं होतं, बस्स. ते तर तिला येतच होतं.

आणि बोलली तर? गवंडी पहिला प्रश्न विचारणार, कुणाकडे गेलं. नाव दिलं की धाकट्याचे खोके जुन्या मालकालाही नको आणि नव्यालाही नको. वरून पेढीची नोटीस. त्याने तर फक्त यंत्र बंद केलं होतं.

गुरुवारी भोंगा कामावर आला, पण लिफ्टमध्ये एक शब्द बोलला नाही. तळमजल्यापासून त्याच्या मजल्यापर्यंत तो दारावरचे बदलते आकडे बघत राहिला. ताई त्याच्या मागे उभी होती. त्याच्या शर्टाची कॉलर मागून उलटी राहिली होती आणि तिला ती सरळ करावीशी वाटली. हात पुढे झाला नाही. मजला आला. बाहेर पडताना तो म्हणाला, "बघा, शिकलो गप्प बसायला." मागून कुणीतरी हसलं.

शुक्रवारी सकाळी ताई गवंड्याच्या खोलीत गेली.

सगळ्या इमारतीत काचेच्या भिंती नसलेली ही एकच खोली. चारी बाजूंनी पक्की, पांढरी, काही न टांगलेली. वरच्या मजल्यावरचं ड्रिल इथे दात दुखावा तसं ऐकू येत होतं.

"भोंग्याचं नाव देऊ नका," ती म्हणाली. "माझ्याकडून गेलंय."

गवंड्याने टेबलावरचे कागद एकावर एक नीट लावले. "मंगळवारी तुम्ही नाही म्हणालात."

"तुम्ही बोललात का असं विचारलंत. मी बोलले नाही. गप्प बसले, त्यावरून ओळखलं."

"कुणी?"

ताईने नकारार्थी मान हलवली.

"मॅडम, गप्प बसून ओळखलं, असं मी वर सांगू शकत नाही. लोक म्हणतील गवंड्याला वेड लागलं." आपल्याला काय म्हणतात हे त्याला माहीत होतं, हे तिला तेव्हाच कळलं. "कुणाकडे गेलं ते सांगा. त्या माणसाकडून आपण लिहून घेऊ. तुमच्यावरचं अर्धं कमी होईल."

"आणि त्याचं काय होईल?"

"ते माझ्या हातात नाही."

"मग नाही सांगणार." ती म्हणाली. "आपलं माणूस आहे."

गवंड्याचे हात कागदांवर थांबले. रंगाच्या दुकानावरच्या त्या टेबलाशी सगळ्यांत शेवटी येऊन बसलेला तरुण वकील तोच होता, असं जुने लोक सांगत. काही वेळ तो तिच्याकडे नाही, तिच्या मागच्या पांढऱ्या भिंतीकडे बघत राहिला.

"बऱ्याच वर्षांनी ऐकलं," तो म्हणाला.

"तेव्हा कारण विचारायची पद्धत नव्हती."

"तेव्हा आम्ही चौघं होतो, मॅडम. आणि डबे एका टेबलावर उघडत होतो."

टेबलावरचा फोन वाजला. त्याने उचलला. पलीकडून कोण बोलतंय हे त्याच्या पाठीच्या ताठ होण्यावरून कळत होतं. "हो," तो म्हणाला. मग, "नाही, तो नाही. बाई आहेत." मग बराच वेळ नुसतं ऐकणं. ताईने त्याचा चेहरा वाचायचा प्रयत्न केला. इतकी वर्षं ती न्यायाधीशांचे चेहरे वाचत आली होती. इथे वाचायला काही नव्हतं. "हो. इथेच आहेत समोर. मीच सांगतो."

त्याने फोन ठेवला. टेबलावर टकटक करायला हात उचलला आणि तसाच खाली ठेवला. वरचं ड्रिल थांबलं होतं.

"जेवलात का तुम्ही?" गवंडी अगदी मऊ आवाजात म्हणाला.

सकाळचे साडेदहाही वाजले नव्हते. तिने दोन्ही हातांनी खुर्चीची कड धरली आणि पाठ सरळ केली.

"जेवणाचं राहू द्या," ती म्हणाली. "काय ते बोला."